समाजमाध्यमांवरील वेळेचे नियमन



शाळेच्या भिंतीवरील वेळापत्रक आणि ओसरीत टांगलेली घंटा ह्या दोन वस्तूंचे महत्त्व आपणांस कोणी सांगावयास नको. तासिका संपली की टोल पडतो; भाषेचे पुस्तक मिटते, गणिताचे उघडते. शिकविण्याच्या भरात गुरुजींना वेळेचे भान राहिले नाही, तरी घंटेमुळे ते परत येते. प्रस्तुत लेखात ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे त्याचे मर्म एवढेच की, मोबाइलवरील समाजमाध्यमांना अशी घंटा नाही. ती आपली आपण बांधली पाहिजे.

विषयाची मर्यादा

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मोबाइल वाईट, असे ह्या लेखाचे प्रतिपादन नाही. सन २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ह्याच उपकरणाने आपली आणि मुलांची गाठ टिकवून धरली. आज पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, केंद्राच्या शिक्षण परिषदेची सूचना हे सर्व त्यावरच चालते. दूरच्या तालुक्यातील एखादा शिक्षक अपूर्णांक शिकविण्याची नवी युक्ती चित्रफितीतून दाखवितो आणि ती आपल्या वर्गात उपयोगी पडते. असा वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

आपला विचार आहे तो त्याहून वेगळ्या वेळेचा. काही ठरवून पाहावयाचे नसता बोट वर सरकत राहते, एकामागून एक छायाचित्रे, बातम्या, विनोद व रील्स डोळ्यांपुढून जातात, आणि शेवटी काय पाहिले हे सांगता येत नाही, त्या वेळेचा. ह्या न संपणाऱ्या मालिकेस ‘फीड’ म्हणतात व ती सरकवीत बसण्यास ‘स्क्रोल करणे’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हेच शब्द येथेही वापरले आहेत.

एक अनुभव

हा उपदेश करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे पुढील प्रसंगावरून वाचकांनीच ठरवावे.

एका पावसाळ्यातील ही गोष्ट. दुसऱ्या दिवशीच्या शाळाभेटीचा कार्यक्रम मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा म्हणून रात्री नऊ वाजता मी मोबाइल हाती घेतला. त्या कामास दोन मिनिटे पुरली. मग सहज दुसरे ॲप उघडले. एका नातलगाकडील लग्नाचे छायाचित्र दिसले. त्याखाली जुन्या चित्रपटातील गाण्याचा तुकडा, त्याखाली लोणच्याची कृती, मग कोणा अनोळखी मुलाने विहिरीत मारलेला सूर. मान वर केली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, आणि अंथरुणावर पडल्यावरही झोप लवकर आली नाही.

दुसऱ्या दिवशी एका द्विशिक्षकी शाळेत गेलो. नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेने तिसरीच्या वर्गावर हातच्याच्या वजाबाकीचा पाठ घेतला. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे तिने आदल्या दिवशीच बांधून ठेवले होते. पाठ चांगला झाला असावा. ‘असावा’ म्हणण्याचे कारण असे की, मधली दहा-बारा मिनिटे माझे डोळे मिटत होते. पाठ संपल्यावर तिने विचारले, “सर, गठ्ठा सोडल्यावर मुलं नेमकी तिथंच चुकतात. मी काय करू?” तो भाग मी पाहिलाच नव्हता. काहीतरी सर्वसामान्य उत्तर देऊन, शेरेबुकात ‘पाठ समाधानकारक’ एवढे दोन शब्द लिहून मी तेथून निघालो.

वाटेत मला त्या दोन शब्दांची लाज वाटली. एका तरुण शिक्षिकेने मनापासून प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठीच शासन मला वेतन देते. त्या उत्तराची वेळ मी आदल्या रात्री कोणा अनोळखी मुलाची उडी पाहण्यात घालविली होती. त्या दिवसापासून मी ह्या विषयाचा विचार करू लागलो.

हात का थांबत नाही?

आपणांपैकी अनेकांस असे वाटते की हा केवळ मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न आहे. तो अंशतः आहेही; परंतु त्याहून मोठे कारण त्या साधनाच्या रचनेत आहे. ती रचना समजून घेतल्यावाचून उपाय सापडावयाचा नाही. तिची तीन अंगे ध्यानात घेण्याजोगी आहेत.

पहिले अंग म्हणजे शेवट नसणे. वर्तमानपत्रास शेवटचे पान असते. पुस्तकात प्रकरण संपते. पूर्वी दूरदर्शनवरही रात्री कार्यक्रम संपत असत. संगणकावर मजकूर वाचतानाही प्रारंभी पानाच्या तळाशी येऊन ‘पुढील पान’ हे शब्द दाबावे लागत. दाबण्यापूर्वीचा तो क्षणभर विराम म्हणजेच ‘आता पुरे’ असे म्हणण्याची संधी होती. सन २००६ मध्ये आझा रास्किन ह्या अमेरिकन रचनाकाराने अशी पद्धत तयार केली की, तळाशी पोहोचण्यापूर्वीच पुढील मजकूर आपोआप येऊन जोडला जावा. वाचकाची सोय व्हावी हाच त्यात हेतू होता. पुढे ती सर्वत्र रूढ झाली आणि तिच्यामुळे माणसांचा किती वेळ जातो हे पाहून खुद्द रास्किन ह्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे.

दुसरे अंग अनिश्चित बक्षिसाचे. अध्यापक विद्यालयात आपण सर्वांनी स्किनरचे प्रयोग अभ्यासले आहेत. कबुतराने चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळतो अशी व्यवस्था असेल, तर दाणा बंद होताच त्याचे चोच मारणेही लवकरच बंद पडते. परंतु दाणा कधी तिसऱ्या वेळी, कधी विसाव्या वेळी असा अनियमित मिळत असेल, तर ते कबूतर कितीतरी अधिक चिकाटीने चोच मारीत राहते. फीडमध्येही हेच घडते. दहा गोष्टी निरस असतात, अकरावी मनोरंजक निघते. आणि ती कोणत्या क्रमांकावर येईल हे ठाऊक नसल्यामुळेच बोट थांबत नाही. परीक्षेसाठी पाठ केलेला हा नियम आपल्याच बोटास लागू पडतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

तिसरे अंग निवडीचे. आपण कोणत्या चित्रफितीवर किती सेकंद थांबलो, कोणती पुन्हा पाहिली, कोणती दुसऱ्यास पाठविली ह्या सर्वांची नोंद होत असते व त्यावरून पुढे काय दाखवावयाचे हे ठरते. ह्या सेवेसाठी आपण पैसे देत नाही. तो खर्च जाहिरातदार देतात. आपण जितका अधिक वेळ पाहू तितक्या अधिक जाहिराती दाखविता येतात. सबब आपला वेळ हाच तेथील माल होय. हर्बर्ट सायमन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच असा विचार मांडला होता की, माहिती विपुल झाली की तिच्याकडे देण्याचे अवधान दुर्मीळ होते. आज त्याचा प्रत्यय घरोघरी येत आहे.

एखादे ॲप काढून टाकल्याने हा प्रश्न सुटत नाही, हेही अनुभवास आले आहे. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स व सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आपल्या देशात सुरू केले. नाव बदलले, रीत तीच राहिली. म्हणून ॲपचे नाव काहीही असले तरी आपली सवयच हाताळावी लागेल.

प्रथम मोजमाप

दुखण्याचे निदान झाल्यावाचून औषध देऊ नये. तेव्हा पहिले काम म्हणजे एक आठवडाभर काहीही न बदलता केवळ मोजणे. सन २०१८ पासून ही सोय फोनमध्येच आलेली आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ ह्या नावाखाली दिवसाचे एकूण तास व प्रत्येक ॲपचा वेळ निरनिराळा दिसतो. रोज रात्री ते आकडे दैनंदिनीच्या मागील पानावर उतरून घ्यावेत. मात्र शाळेच्या कामाचा वेळ व स्क्रोल करण्याचा वेळ वेगळा लिहावा. दोन्हींची बेरीज करून व्यर्थ घाबरू नये, किंवा कामाच्या आडोशाने दुसरा वेळ लपवूही नये.

ह्या आकड्यांचा अर्थ कळण्यास एक साधे गणित पुरेसे आहे. समजा, रोज दीड तास स्क्रोल करण्यात जातो. तीस दिवसांचे पंचेचाळीस तास झाले. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याचे किमान तास, पाठाची तयारी धरून, ४५ सांगितले आहेत. म्हणजे रोजच्या दीड तासाने महिन्यात कामाचा एक पूर्ण आठवडा आणि वर्षात असे बारा आठवडे खर्ची पडतात. माझी पहिल्या आठवड्याची सरासरी दीड तासाहून अधिक निघाली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

व्यवहार्य उपाय

पुढील उपाय मी स्वतः करून पाहिले आहेत. सर्वांस सर्व मानवतील असे नाही; दोन-तीन निवडून महिनाभर नेटाने पाळावेत.

१. काम व फीड ह्यांची फारकत करावी. शाळेच्या कामासाठी लागणारी ॲप पहिल्या पडद्यावर ठेवावीत. समाजमाध्यमांची ॲप तेथून हलवून आतील पानावर न्यावीत, आणि प्रत्येक वेळी लॉग आउट करावे. पुन्हा पासवर्ड घालण्याचे कष्ट हा ‘पुढील पान’ दाबण्याचाच जुना विराम होय. त्या विरामात पुष्कळदा मन ठिकाणावर येते.

२. नोटिफिकेशन बंद करावीत. फोन व कामाचे संदेश एवढ्यांचाच आवाज चालू ठेवावा. कोणी छायाचित्र टाकले, कोणास काय आवडले ह्याची दवंडी आपल्या खिशात पिटली जाण्याचे कारण नाही. ज्या गटांवर केवळ शुभेच्छांची देवाणघेवाण चालते ते म्यूट करावेत; दिवसातून एकदा पाहिले तरी स्नेह कमी होत नाही.

३. वेळ व जागा नेमून द्यावी. मी रात्रीच्या जेवणापूर्वी अर्धा तास, ओसरीतील खुर्चीवर बसून समाजमाध्यमे पाहतो. उभ्याने, चालताना, जेवताना आणि अंथरुणात पाहावयाचे नाही, असा नियम केला आहे. नेमलेल्या वेळी पाहण्यास मोकळीक असल्यामुळे इतर वेळी मन फारसे ओढ घेत नाही. संपूर्ण वर्ज्य करण्यापेक्षा हे पाळणे मला सोपे गेले.

४. गजर फोनपासून दूर ठेवावा. ॲपला वेळेची मर्यादा घालण्याची सोय फोनमध्ये आहे. परंतु मर्यादा संपली की ती वाढविण्याची सोयही तेथेच असते, आणि बोट सवयीने तिकडेच जाते. ह्यास्तव मी स्वयंपाकघरातील फडताळावर गजराचे घड्याळ ठेवतो. तो वाजला की बंद करण्यासाठी उठावे लागते, आणि एकदा उठले म्हणजे पुन्हा बसण्याचा मोह निम्मा होतो. घरातील कोणास ‘वेळ झाली’ असे सांगण्याचा अधिकार दिला तर आणखी उत्तम. मात्र मग त्याच्यावर रागावू नये.

५. रात्री फोन निजण्याच्या खोलीबाहेर ठेवावा. चार्जर दुसऱ्या खोलीत लावला की हे आपोआप साधते. पहाटे उठण्यासाठी फोन उशाशी लागतो, ही सबब गजराच्या घड्याळाने दूर होते. सर्व उपायांत मला अधिक गुण आला तो ह्याचा.

६. रिकामी झालेली जागा भरावी. केवळ ‘पाहू नये’ असे ठरविल्याने हात रिकामा राहतो व रिकामा हात पुन्हा खिशाकडे जातो. शाळेच्या ग्रंथालयातील एखादे पुस्तक, दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे साहित्य, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी दोन शब्द, काहीतरी हाताशी ठेवावे.

एखाद्या दिवशी नियम मोडेल. माझाही मोडतो. मुलाचे शुद्धलेखन एकदा चुकले म्हणून आपण त्याची पाटी काढून घेत नाही. हाच न्याय स्वतःस लावावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

शाळा, घर आणि गाव

आपण स्वतः सावरल्यावरच मुलांकडे वळणे योग्य. मुले आपल्या सांगण्यापेक्षा आपल्या वागण्याचे अनुकरण करतात. मधल्या सुटीत गुरुजी खुर्चीवर बसून रील पाहत असतील, तर परिपाठात मोबाइलच्या दुष्परिणामांवर केलेले भाषण व्यर्थ होय.

ह्या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून दिसते. ‘असर’ २०२४ ह्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी मागील आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही कामासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी तो वापरल्याचे सांगितले. ही मुले माध्यमिक शाळेच्या वयाची आहेत हे खरे. परंतु सवयीचे बी त्यापूर्वीच, म्हणजे आपल्या हाती असतानाच रुजते.

आपल्या राज्यातील दोन गावांचे प्रयत्न ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. साथीनंतर शाळा पुन्हा भरल्या तेव्हा मुलांचे वाचन-लेखनातील लक्ष उडाल्याचे तेथील शिक्षकांना आढळले. ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने असा ठराव केला की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद राहावेत. त्या वेळात मुलांनी अभ्यास, वाचन करावे व घरच्यांनी एकमेकांशी बोलावे. ठराव करून गाव स्वस्थ बसले नाही. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक ह्यांनी घरोघरी जाऊन तो समजावून दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बांसी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला.

दोन्ही गावांची कळकळ सारखीच आहे. तथापि, शिक्षक ह्या नात्याने मला वडगावची रीत अधिक अनुकरणीय वाटते. तीत वस्तू वर्ज्य केलेली नाही, केवळ वेळ नेमलेली आहे. आणि मुख्य म्हणजे भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. वडील मालिका पाहत असता मुलाने पुस्तक उघडावे ही अपेक्षा तेथे ठेवलेली नाही. आपण ज्या घंटेविषयी बोलत आहोत, तीच त्या गावाने सर्वांसाठी मिळून बांधली आहे.

आपल्या शाळांतून पुढील गोष्टी सहज करता येतील. चौथी-पाचवीच्या मुलांनी खेळ, अभ्यास, झोप, टीव्ही व मोबाइल ह्यांत गेलेल्या वेळेची एक आठवडा नोंद ठेवून तिचा स्तंभालेख काढावा. गणिताचा पाठ होईल आणि विचारासही चालना मिळेल. मात्र कोणाचाही तक्ता वर्गासमोर वाचून त्यास लाजवू नये. काही घरांत एकच फोन असतो व तो वडिलांबरोबर कामावर जातो. त्या मुलांना न्यूनगंड येऊ नये ह्याचीही दक्षता घ्यावी. पालकसभेत हा विषय ठेवावा आणि अंगणवाडीच्या पालकांना आवर्जून सांगावे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसून राहू नये व त्याहून लहान मुलांना पडदा दाखवूच नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केली आहे. रडणाऱ्या मुलास जेवण भरविण्यासाठी फोन देणे सोपे जाते. पुढे तो परत घेणे कठीण होते.

ह्या बाबतीत आम्हा अधिकाऱ्यांचीही चूक आहे. रात्री दहा वाजता ‘माहिती त्वरित पाठवावी’ असा संदेश गटावर टाकावयाचा आणि सकाळी ‘शिक्षक मोबाइलमध्ये गुंतलेले असतात’ अशी तक्रार करावयाची, हे सुसंगत नाही. कामाचा संदेश पाहण्यासाठी उघडलेला फोन फीडच्या वाटेने कसा जातो, हे मी वर स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले आहे. माझ्या बीटमधील गटावर सायंकाळी सहानंतर, तातडीचे कारण नसल्यास, संदेश टाकावयाचा नाही असे मी ठरविले आहे. मुख्याध्यापकांनीही पालकांच्या गटावर रात्री गृहपाठ पाठवू नये. तो वर्गातच फळ्यावर लिहून द्यावा.

समारोप

त्या द्विशिक्षकी शाळेत मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. न कळविता येणे बरे नव्हे, म्हणून दिवस सांगूनच गेलो. शिक्षिकेने पाठ पुन्हा घेतला व ह्या वेळी मी मुलांमध्ये बसून तो पाहिला. गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्यांत मिळविल्यावर, उरलेले गठ्ठे एकाने कमी झाले हे मुले वहीत लिहावयास विसरत होती. गठ्ठा सोडताच प्रथम उरलेले गठ्ठे मोठ्याने मोजून लिहावेत, मग सुट्या काड्यांकडे वळावे, असे आम्ही दोघांनी मिळून ठरविले. पुढील चार उदाहरणांत बहुतेक मुलांची चूक सुटली. त्या दिवशी शेरेबुकाचे एक पूर्ण पान भरले.

हे काही मोठे संशोधन नव्हे. जागे राहून चाळीस मिनिटे लक्षपूर्वक पाहिले, एवढेच त्यात केले. परंतु आपल्या व्यवसायात मुलास देण्याजोगे दुसरे काय आहे? वही पुढे करून उभ्या राहिलेल्या मुलाकडे आपण जे पूर्ण अवधान देतो, त्यातूनच त्याचे शिक्षण घडते. तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, आज रात्रीच गजराचे घड्याळ शोधून त्यास किल्ली द्यावी, किंवा सेल घालावा. आणि उद्या सकाळी शाळेची घंटा आपल्या ताज्या डोळ्यांनी ऐकावी, ही विनंती.